चर्च वेगळं, चर्चची संस्था वेगळी : नागपुरातल्या विश्वस्तांसाठी कागदपत्रांची वाट

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्या सहांपैकी एक ब्रदरन, म्हणजे एक प्रोटेस्टंट पंथ. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळींची जी संस्था सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली होती, तिने विलीनीकरणाचा ठराव केला. त्याबरोबर जमिनी आणि इमारतीही नव्या चर्चकडे गेल्या, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं. त्यातून उभा राहिलेला वाद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं : उपासनेपुरतं एक व्हायला कोणाची हरकत नाही, पण नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता नुसत्या ठरावाने हलत नाही. त्यासाठी संस्था नोंदणी कायदा आणि न्यास कायदा यांत सांगितलेली पद्धत पाळावीच लागते.

तो गुजरातचा खटला ज्या कायद्यावर लढला गेला, तोच १९५०चा कायदा आज ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम’ या नावाने आपल्याकडे लागू आहे. म्हणून चर्चची शाळा, दवाखाना, वसतिगृह किंवा अनाथालय चालवणाऱ्या प्रत्येक समितीने एक प्रश्न आधी सोडवावा. रजिस्टरवर नाव कोणाचं आहे? ‘आमच्या चर्चचीच आहे ना’ हे उत्तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालत नाही.

खाली ख्रिस्ती उदाहरणं जास्त आहेत, पण मंदिर, विहार, गुरुद्वारा यांच्या संस्थांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. वक्फचा कायदा मात्र स्वतंत्र आहे. तिथेही एक फरक लक्षात ठेवावा : मुस्लिम व्यक्तींनी काढलेला प्रत्येक धर्मादाय न्यास म्हणजे वक्फ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

कायद्याच्या नजरेत चर्च म्हणजे कोण?

कॅथोलिक धर्मसंहितेनुसार धर्मप्रांत (डायोसिस) आणि धर्मग्राम (पॅरिश) या स्वतंत्र ‘व्यक्ती’ असतात. बिशप धर्मप्रांताचं प्रतिनिधित्व करतात आणि पॅरिश प्रीस्ट धर्मग्रामाचं. चर्चच्या आत हा नियम पक्का आहे. बाहेर मात्र, म्हणजे बँकेत, दुय्यम निबंधकाकडे किंवा महापालिकेत, नोंदणीचा कागद विचारला जातो.

१९५०च्या कायद्यात ‘सार्वजनिक न्यास’ या शब्दाच्या व्याख्येतच मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी येतात, आणि धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने नोंदलेली सोसायटीही येते. म्हणजे प्रार्थनास्थळ हा एक न्यास आणि त्याच्या आवारातली शाळा चालवणारी सोसायटी हा दुसरा न्यास, अशी स्थिती कायद्याला पूर्णपणे मान्य आहे. दोन्ही एकाच न्यासात असणंही मान्य आहे. धर्मादाय हेतूच्या व्याख्येत (कलम ९) गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत वगैरे येतं. निव्वळ धार्मिक शिकवण किंवा उपासना तेवढी वगळलेली आहे. पुढची निम्मी गुंतागुंत या एका वगळण्यातून निघते.

पहिलं काम : एक तक्ता, आठ कागद

वकिलाकडे जाण्याआधी मोठ्या कागदावर तक्ता आखा. डावीकडे कागदाचं नाव आणि उजवीकडे त्यावर मालक, चालक किंवा खातेदार म्हणून छापलेलं नाव लिहा. नाव अक्षरशः उतरवा, सुधारू नका. कागद हे :

- न्यास नोंदवहीचा, म्हणजे शेड्यूल एकचा प्रमाणित उतारा
- सोसायटी असल्यास नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर घटना. न्यास असल्यास न्यासपत्र किंवा मंजूर योजना
- जागेची आखीव पत्रिका. शहराबाहेर असल्यास सातबारा
- महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल
- शाळेची मान्यता किंवा दवाखान्याची नोंदणी
- पॅन आणि आयकराचे नोंदणी आदेश
- प्रत्येक बँक खात्याचं पासबुक
- परदेशी निधीचं प्रमाणपत्र, असल्यास

नागपुरात हा तक्ता पहिल्या फटक्यात जुळला तर नवल समजा. इथल्या मिशनचा इतिहास जुना आहे. हिस्लॉप कॉलेजच १८८३चं. त्या काळापासूनच्या कागदांवर कुठे मिशनचं इंग्रजी नाव आहे, कुठे ‘बिशप, नागपूर’, तर कुठे एखाद्या मिशनऱ्याचं व्यक्तिगत नाव. त्यातच काही चर्चच्या मालमत्ता ‘ट्रस्ट असोसिएशन’ अशा नावाच्या संस्थांकडे आहेत. नावात ‘ट्रस्ट’ असलं तरी कायद्याने ती कंपनी असू शकते. मग तिचे संचालक, ठराव, वार्षिक विवरणं हे सगळं कंपनी निबंधकाकडे सापडतं आणि धर्मादाय कार्यालयात कितीही खेटे घातले तरी हाती काही लागत नाही. नाव वाचून थांबू नका, नोंदणी क्रमांक बघा. इथल्या सोसायटीचा न्यास क्रमांक साधारणपणे ‘एफ’ने सुरू होतो आणि कंसात ‘नागपूर’ असतं. कंपनीचा क्रमांक लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला असतो.

आखीव पत्रिका काढाल तेव्हा सत्ताप्रकाराचा रकाना आधी वाचा. सदर, सिव्हिल लाइन्स या भागांतल्या कित्येक जागा नझूलच्या भाडेपट्ट्यावर आहेत, इतरत्र नागपूर सुधार प्रन्यासाच्या (नासुप्र) लीजवर. जमीन शासनाची किंवा नासुप्रची, तुमच्याकडे फक्त पट्टा. पट्ट्यात ‘प्रयोजन’ लिहिलेलं असतं. प्रयोजन ‘प्रार्थनास्थळ’ आणि प्रत्यक्षात त्या जागेवर शाळेची इमारत, ही विसंगती नूतनीकरणाच्या वेळी हमखास वर येते. संस्था वेगळी करायचा विचार असेल तर ही विसंगती आजच टिपून ठेवा.

वेगळी संस्था हवीच का?

नेहमीच नाही. दर महिन्याला वीस-पंचवीस घरांना शिधा वाटणाऱ्या मंडळीने नवी सोसायटी काढणं म्हणजे दुसरं ऑडिट, दुसरं पॅन, दुसरी वार्षिक सभा. त्यांना मूळ न्यासातच वेगळं खातं आणि वेगळी उपसमिती पुरते.

पुढच्या परिस्थितीत मात्र वेगळी संस्था काढणंच शहाणपणाचं : पगारी कर्मचारी आहेत, सरकारी अनुदान आहे, बाहेरच्या देणगीदारांना ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट, हवं आहे, किंवा रुग्णसेवेसारखं जोखमीचं काम आहे. दवाखान्याच्या निष्काळजीपणाचा दावा उभा राहिला आणि दवाखाना चर्चच्याच न्यासात असला, तर दावा त्या एकाच न्यासावर येतो, आणि प्रार्थनास्थळाची जमीनही त्याच ताळेबंदात बसलेली असते. शासकीय मदत किंवा सवलतीची जमीन घेतलेल्या न्यासाच्या रुग्णालयाला कलम ४१ कक लागू होतं : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णांच्या निधीत. हे हिशेब चर्चच्या अर्पणाच्या हिशेबात मिसळले की दोन्ही बिघडतात.

साचा कोणता?

आपल्याकडे तीन पर्याय आहेत. निव्वळ न्यास केला तर विश्वस्त थोडे लागतात, निवडणुकीची कटकट नाही आणि चर्चचं नियंत्रण टिकवायला सोपं. सोसायटीला किमान ७ सभासद लागतात, सर्वसाधारण सभा येते, आणि सभासद हेच शेवटी मालक-वजा निर्णयकर्ते होतात. शाळांसाठी हा साचा सर्वाधिक रुळलेला आहे. महाराष्ट्रात सोसायटीची नोंदणी झाली की तिची न्यास म्हणूनही नोंद करून घ्यावी लागते. तिसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. शिस्त चांगली, पण दरवर्षीचा खर्च आणि विवरणं जास्त.

सोसायटी घेणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. रविवारी मंडळीत बसणारा माणूस आपोआप शाळेच्या सोसायटीचा सभासद होत नाही. सभासद तोच, ज्याचं नाव सभासद नोंदवहीत आहे आणि वर्गणी भरलेली आहे. ‘मंडळीने सभा घेऊन कार्यकारिणी बदलली’ असे ठराव धर्मादाय कार्यालयात यामुळेच फेटाळले जातात. मंडळीचा शब्द चालावा असं वाटत असेल तर ते घटनेत लिहा : पास्टोरेट कमिटीने (मंडळीच्या कारभार समितीने) पाठवलेले अमुक इतके प्रतिनिधी सभासद असतील, इतक्या वर्षांसाठी.

घटना लिहिताना : चार कलमं जिथे लोक अडकतात

पहिलं उद्देशाचं कलम. हे वाक्य पाहा :

‘ख्रिस्ती समाजातील गरजू मुलांसाठी वसतिगृह चालवणे.’

मायेने लिहिलेलं वाक्य, पण आयकराच्या दृष्टीने घातक. आयकर कायद्याचं कलम १३(१)(ख) सांगतं की धर्मादाय हेतूचा न्यास एखाद्याच धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असेल तर सूट नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि बालकं यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र ही अडचण येत नाही. पण म्हणून ‘ख्रिस्ती बालकं’ असं लिहून पळवाट शोधू नका. शिवाय नोंदणी मिळाल्यावर उत्पन्न एकाच समाजावर खर्च केलं, तर मिळालेली नोंदणी रद्द होण्याचं तेही एक कारण आहे.

दुसऱ्या बाजूने अल्पसंख्याक दर्जा हवा असतो. संविधानाच्या अनुच्छेद ३०मधला हक्क शैक्षणिक संस्था ‘स्थापन करण्याचा आणि त्यांचं प्रशासन करण्याचा’ आहे. महाराष्ट्रात प्रमाणपत्र देताना विश्वस्तांपैकी किमान दोन तृतीयांश त्या समाजाचे आहेत का, हे पाहिलं जातं. मग एक खातं म्हणतं ‘तुम्ही त्या समाजाचे आहात हे दाखवा’ आणि दुसरं म्हणतं ‘फक्त त्या समाजासाठी नाही हे दाखवा’. दोघांनाही चालेल असं लिहिता येतं, कारण ‘कोणी चालवायची’ आणि ‘कोणासाठी चालवायची’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत :

‘ही संस्था ख्रिस्ती अल्पसंख्याक समाजातील व्यक्तींनी स्थापन केली असून तिचे प्रशासन त्यांच्याकडे राहील. संस्थेच्या सेवा जात, धर्म, पंथ न पाहता सर्व गरजूंना खुल्या राहतील.’

‘केवळ’ आणि ‘फक्त’ हे दोन शब्द उद्देशांच्या पानावरून शोधून काढून टाका. टंकलेखकाच्या जुन्या नमुन्यातून ते हटकून येतात.

दुसरं, पदसिद्ध पदांचं कलम. ‘बिशप अध्यक्ष असतील’ एवढंच लिहिलं की पहिला पेच बिशपपद रिकामं असताना पडतो आणि त्याहून मोठा, दोघेजण त्या पदावर दावा सांगतात तेव्हा. असं लिहा : ‘नागपूर धर्मप्रांताचे त्या-त्या वेळचे बिशप पदसिद्ध अध्यक्ष असतील. पद रिक्त असताना, धर्मप्रांताचा कारभार लेखी पत्राने ज्यांच्याकडे सोपवला असेल ती व्यक्ती अध्यक्ष राहील.’ पत्र कोणाचं ग्राह्य धरायचं, तेही नेमकं लिहून ठेवा. व्यक्तीचं नाव घटनेत घालू नका; नाव गेलं की घटनादुरुस्ती आली.

तिसरं, राखीव अधिकार. चर्चच्या न्यासाची लेखी पूर्वसंमती तीनच गोष्टींना लागेल असं ठेवा : नाव किंवा उद्देश बदलणं, स्थावर मालमत्ता देणं-विकणं, संस्था विसर्जित करणं. शिक्षक नेमणं, फी ठरवणं, औषधं घेणं यांनाही बिशप हाउसची संमती लावली, तर संस्था वेगळी असल्याचा दावा कागदावरच राहतो आणि भांडण झालं की समोरचा वकील तेच दाखवतो. सोसायटीचे उद्देश बदलायला कायद्यानेच दोन विशेष सभा लागतात : दोन्हींत तीन पंचमांश मतं आणि मधे एक महिन्याचं अंतर. चर्चची संमती ही त्यावरची भर आहे, त्याऐवजी नाही.

चौथं, विसर्जनाचं कलम, आणि इथे चूक जवळजवळ ठरलेली. ‘संस्था बंद झाल्यास सर्व मालमत्ता चर्चकडे परत जाईल’ असं लिहिण्याचा मोह होतो. ८०जीची एक अट अशी आहे की संस्थेच्या दस्तऐवजात उत्पन्न किंवा मालमत्ता धर्मादाय सोडून दुसऱ्या हेतूकडे जाण्याची तरतूद नको. आणि ८०जीपुरतं, सर्वस्वी किंवा बहुतांशी धार्मिक असलेला हेतू ‘धर्मादाय’ धरला जात नाही. म्हणजे या एका प्रेमळ वाक्याने ८०जी अडतं. ‘समान उद्देशाच्या, आयकर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडे जाईल’ असं लिहावं. सोसायटीच्या सभासदांत वाटणी तर कायद्यानेच बंद आहे. चर्चला आपली जागा सांभाळायची असेल तर ती मुळातच संस्थेला देऊ नये, वापरायला द्यावी.

नोंदणी

सोसायटी असल्यास आधी सहायक संस्था निबंधक, मग सार्वजनिक न्यासासाठी कलम १८खालचा, शेड्यूल दोनमधला अर्ज. सोबत घटना किंवा न्यासपत्र, विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, ठराव, आणि कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र. जागा चर्चची असेल तर ते पत्र चर्चच्या न्यासाच्या ठरावाचा क्रमांक घालून, त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या अधिकृत विश्वस्ताच्या सहीने हवं. पाळक दोन्हीकडे विश्वस्त असले तरी स्वतःच स्वतःला ना हरकत देऊ नये, दुसऱ्या विश्वस्ताची सही घ्यावी. चौकशीत (कलम १९) निरीक्षक हेच विचारतो की ही मालमत्ता नेमकी कोणाच्या शेड्यूल एकवर आहे. एकच इमारत दोन न्यासांच्या शेड्यूलवर चढली, तर पुढची पिढी त्यासाठी कोर्टात जाणार, हे धरूनच चाला.

जागा : दान नको, भाडेपट्टा

कलम ३६ प्रत्येक विश्वस्ताने पाठ करावं. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, दान चालत नाही. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त, बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त असेल, तर त्यालाही परवानगी. ‘आपल्याच चर्चची आपल्याच शाळेला’ हा अपवाद कुठेही नाही. ‘दान’ शब्द कलमात मुद्दाम घातलेला आहे, आणि बक्षीसपत्र करून मोकळे झालेले लोक तिथेच अडकतात.

म्हणून क्रम असा. चर्चच्या न्यासाच्या सभेत ठराव. मग कार्यालयापुरती जागा लागत असेल तर ३ वर्षांच्या आतला करार. शाळेला मात्र मान्यतेसाठी आणि इमारत अनुदानासाठी लांब मुदत लागते. तिथे सरळ परवानगीचा अर्ज करा. ३ वर्षांचा पट्टा आणि त्यात ‘आपोआप नूतनीकरण’ असं लिहून कलम चुकवायला जाऊ नका. एकूण मुदत मोजली जाते. नझूलची जागा असेल तर आणखी एक पायरी : जिल्हाधिकाऱ्यांची पट्ट्याच्या अटींनुसार परवानगी. धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली म्हणून ती टळत नाही.

करारात भाडं नाममात्र ठेवलंत तरी चालेल, पण दुरुस्ती कोण करणार, मालमत्ता कर कोण भरणार, वीज मीटर कोणाच्या नावावर, आणि रविवारी शाळेचं सभागृह मंडळीला मिळणार का, हे लिहा. मालमत्ता कराची सवलत जागेच्या वापरावर ठरते. सार्वजनिक उपासना किंवा धर्मादाय कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या भागाला सर्वसाधारण करातून सूट मिळते. भाड्याने दिलेल्या दुकानगाळ्यांना मिळत नाही, मग ते भाडं गरिबांवर खर्च झालं तरी. कर्ज काढून इमारत बांधायची असेल तर कलम ३६क आहे : कर्जालाही पूर्वपरवानगी.

आयकर

(इथले कलमांचे आकडे १९६१च्या कायद्यातले आहेत, कारण तुमच्या कपाटातल्या आदेशांवर तेच आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. नवीन अर्ज भरताना सीएकडून नवे क्रमांक तपासून घ्या.)

चर्चचा धार्मिक न्यासही करमुक्त असू शकतो, धर्मादाय संस्थाही. फरक सवलतींच्या जातीत आहे. निव्वळ धार्मिक न्यासाच्या दानपेटीतल्या निनावी पैशावर कर नाही. धर्मादाय संस्थेला मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर, आणि ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जास्त असेल ती. उलट ८०जी धर्मादाय संस्थेला मिळतं. धार्मिक कामावर एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च तिला चालतो. अनाथालयातला नाताळ या ५ टक्क्यांत मजेत बसतो, चर्चच्या छपराची दुरुस्ती बसत नाही.

याबाबत नागपूरचंच एक प्रकरण देशभर गाजलं. शिवमंदिर देवस्थान पंच कमिटी संस्थान या नागपुरातल्या संस्थेला पूजाअर्चेवरच्या खर्चामुळे ८०जी नाकारलं गेलं होतं. २०१२ साली आयकर अपील न्यायाधिकरणाच्या नागपूर पीठाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला आणि हिंदू हा तांत्रिकदृष्ट्या एक विशिष्ट धार्मिक समाज ठरत नाही, असं म्हटलं. या निर्णयाचा दाखला अजूनही दिला जातो. पण तो न्यायाधिकरणाचा निर्णय आहे. त्यावर विसंबून स्वतःची घटना ढिली ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीवर पावसात निघणं. उद्देश धार्मिकही आणि धर्मादायही असतील, आणि लाभ एका समाजापुरता नसेल, तर सूट मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दाऊदी बोहरा जमातच्या प्रकरणात मान्य केलं. तो आधार जास्त भक्कम.

चर्चने आपल्याच संस्थेला पैसे दिले तर? दोन्ही नोंदणीकृत असल्या तरी ती देणगी चर्चच्या हिशेबात पूर्ण खर्च धरली जात नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून अशा देणगीचे ८५ टक्केच धरले जातात : १०,००,००० दिले तर ८,५०,०००. आणि ‘कॉर्पस निधीसाठी’, म्हणजे कायम ठेवायच्या निधीसाठी, असं पत्रात लिहून दिलं, तर काहीच धरलं जात नाही. पत्राचा मसुदा सचिवाने सवयीने लिहू नये, सीएला दाखवावा.

पावत्यांची पुस्तकं वेगळी ठेवा, रंगही वेगळा छापा. रविवारच्या अर्पणावर शाळेची ८०जी पावती देणं ही चूक बहुतेक वेळा भाबडेपणाने होते, पण अंगाशी तितकीच येते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट नाही. देणगीदारांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं, आणि ते भरलं नाही तर देणगीदाराला वजावट मिळत नाही; मग तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

परदेशी निधी

परदेशी निधीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर इथे दार जवळपास बंद झालं आहे. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या कोणालाही देता येत नाही, दुसऱ्या संस्थेचंही प्रमाणपत्र असलं तरी. धर्मप्रांताच्या खात्यात आलेला पैसा त्याच धर्मप्रांताच्या दवाखान्याच्या संस्थेकडे वळवणं हे थेट उल्लंघन. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के, वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत.

संस्था वेगळी काढणाऱ्यांना याचा फटका असा बसतो. नव्या संस्थेला नोंदणीसाठी किमान ३ वर्षांचं अस्तित्व आणि त्या ३ वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. दवाखाना परदेशी पैशावर चालत असेल आणि तुम्ही उत्साहाने तो नव्या संस्थेत हलवला, तर ३ वर्षं त्या पैशाचं तोंड दिसणार नाही. आधी स्थानिक पैशावर नवी संस्था चालू करा, कामाचा एक छोटा भाग तिच्याकडे द्या, ३ वर्षं मोजा, मग बाकीचं. परदेशी निधीतून घेतलेली रुग्णवाहिका किंवा एक्स-रे यंत्र नव्या संस्थेच्या नावावर परस्पर चढवू नका.

माणसं आणि पगार

शाळेतल्या सिस्टर आणि फादर यांचा पगार हा जुना वाद. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, पगार त्यांच्या संघाकडे जातो, मग कर कसला, असा युक्तिवाद. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : अनुदानित शाळेतल्या नोकरीचा पगार ज्याच्या नावाने निघतो त्याचाच, आणि त्यावर टीडीएस कापायचाच. पुढे तो पैसा संघाला दिला, ही त्या व्यक्तीची मर्जी.

अल्पसंख्याक शाळेलाही १९७७चा खासगी शाळा कर्मचारी कायदा लागू आहे. मुख्याध्यापक आणि जास्तीत जास्त तीन कर्मचारी, ज्यांची नावं शिक्षण संचालकांना कळवलेली आहेत, एवढ्यांच्या नेमणुकीपुरती मोकळीक आहे. बिशप हाउसच्या एका चिठ्ठीवर शिक्षिकेची बदली होत नाही. आदेश शाळेच्या नोंदणीकृत व्यवस्थापनाचा हवा, तोही नियमांप्रमाणे. सेक्स्टन (चर्चची देखभाल करणारा), ऑर्गनिस्ट, पाळक यांचं मानधन शाळेच्या पगारपत्रकात घुसवू नका. एकच माणूस दोन्हीकडे काम करत असेल, तर तास ठरवून दोन नेमणूकपत्रं द्या.

दरवर्षी आणि बदलाच्या वेळी

हिशेब मार्चअखेर, ऑडिट सहा महिन्यांत, शेड्यूल आठ आणि नऊ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक) धर्मादाय कार्यालयात. सभांची इतिवृत्तं दोन्ही संस्थांची वेगळी. एकाच दुपारी, त्याच टेबलावर, तीच माणसं बसली असली तरी एक सभा संपल्याची वेळ लिहा आणि दुसरी सुरू झाल्याची लिहा. सभेच्या विषयात ज्या विश्वस्ताचं दोन्हीकडे हित आहे, उदाहरणार्थ भाडेपट्टा, त्याने त्या विषयावर मत न दिल्याची नोंद करा.

फादरची बदली झाली, विश्वस्त वारले, नवी कार्यकारिणी निवडून आली, की ९० दिवसांत शेड्यूल तीनमधला बदल अर्ज, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘चेंज रिपोर्ट’. उशीर माफ होतो, पण त्यासाठी कारणासह वेगळा अर्ज लागतो. दोन-तीन चेंज रिपोर्ट तुंबले की शेड्यूल एकवर दहा वर्षांपूर्वीची नावं राहतात, बँक सह्या मान्य करत नाही, आणि पगाराच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. पदसिद्ध विश्वस्ताच्या अर्जाला नेमणुकीचं पत्र आणि घटनेतलं ते कलम जोडा. निवडून आलेल्यांच्या अर्जाला सूचना पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट आणि इतिवृत्त. सूचना पोस्टाने पाठवली असेल तर पोच जपून ठेवा. बहुतेक आक्षेप ‘मला सभेची सूचनाच मिळाली नाही’ इथून सुरू होतात.

भांडण पेटलंच तर दार कोणतं ठोठवायचं, हेही ठरलेलं आहे. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणत्या न्यासाची, हे प्रश्न धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेचे. दिवाणी न्यायालयाला त्यांत कलम ८०ने मज्जाव आहे. ब्रदरन मालमत्तेच्याच वादात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे सुनावलं. न्यासाच्या कारभाराविरुद्ध हितसंबंधी व्यक्तींना दावा लावायचा असेल, तर आधी कलम ५१खाली आयुक्तांची लेखी संमती. बाप्तिस्मा कोणाला द्यायचा, पाळक कोणी व्हायचं, उपासना कशी करायची, हे मात्र मंडळीचं स्वतःचं, अनुच्छेद २६ने राखलेलं. तक्रारअर्जात हे दोन प्रकारचे मुद्दे एकाच पानावर कालवू नका. धर्मादाय कार्यालयात द्यायच्या अर्जात फक्त मालमत्ता, हिशेब आणि पदाधिकारी एवढंच ठेवा. सोबत शेड्यूल एकचा ताजा, सहा महिन्यांच्या आतला उतारा लावा.